"मॅडम, टक्का खाली आणून द्या": एआयकडून पॅराफ्रेज करून घेण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजच्या ग्रंथालयात सिमिलॅरिटी रिपोर्ट, म्हणजे प्रबंधातला किती टक्के मजकूर दुसरीकडच्या मजकुराशी जुळतो ते दाखवणारा सॉफ्टवेअरचा अहवाल, काढून द्यायचं काम माझ्याकडे आहे. पूर्वी लोक पुस्तक मागायला यायचे, आता टक्का कमी करून मागायला येतात. प्रबंध जमा करायची तारीख जवळ आली की व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळी उत्तरं लिहून ठेवते आहे. प्रश्नांना आकडे दिले आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगण्यापेक्षा "तिकडे पाहा" म्हणणं मला सोपं जातं.

१. पॅराफ्रेझिंग म्हणजे शब्द बदलणंच ना?

नाही, दुसऱ्याचं म्हणणं समजून घेऊन ते आपल्या शब्दांत मांडणं म्हणजे पॅराफ्रेज, आणि बहुतेक घोळ इथूनच सुरू होतो. समजा, एका पुस्तकात असं वाक्य आहे:

"१९७२च्या दुष्काळात सरकारने काढलेल्या रोजगाराच्या कामांमुळे भूकबळी टळले, पण या कामांतून शेतीची उत्पादकता वाढेल अशी कायमस्वरूपी साधने फारशी उभी राहिली नाहीत."

हे टूलमध्ये टाकलं की साधारण असं काहीतरी बाहेर येतं:

"१९७२च्या अवर्षणात शासनाने सुरू केलेल्या नोकरीच्या उपक्रमांमुळे उपासमारीचे मृत्यू रोखले गेले, परंतु या उपक्रमांमधून कृषी उत्पादनक्षमता वृद्धिंगत होईल अशी शाश्वत संसाधने विशेष निर्माण झाली नाहीत."

वाक्याचा सांगाडा तोच आहे, "पण"च्या जागी "परंतु" आलं एवढंच. वर अर्थही बिघडला. अवर्षण म्हणजे पाऊस न पडणं, टंचाई ही सरकारी कागदावरची भाषा, आणि दुष्काळ म्हणजे माणसांवर, जनावरांवर, बाजारावर जे कोसळतं ते सगळं. या विषयात काम करणारा हे तीन शब्द अदलाबदल करून वापरणार नाही. खडी फोडायला गेलेली बाई "नोकरीच्या उपक्रमात" होती असं तर कुणीच म्हणणार नाही.

आता ते वाक्य वाचून, पुस्तक मिटून लिहिलं तर:

"लेखकाच्या मते या कामांचं यश आणि अपयश वेगवेगळ्या ठिकाणी दिसतं: माणसं जगली, पण जमीन होती तशीच राहिली (लेखकाचं नाव, साल, पृष्ठ). रोजगार हमीवरच्या चर्चेत मात्र बहुधा पहिलीच बाजू येते."

इथे क्रम बदलला, जोर बदलला आणि त्यांचं म्हणणं कुठे संपतं नि तुमचं कुठे सुरू होतं तेही कळलं. कंस शेवटच्या वाक्यानंतर टाकला असता, तर तुमचं निरीक्षण त्या लेखकाच्या नावावर गेलं असतं. ही चूक फार दिसते आणि गाइडसुद्धा ती पाहून सोडून देतात.

२. मग एआय वापरूच नये का?

वापरा. कोणाचं वाक्य त्याच्यात घालता ते बघा. माझा नियम साधा आहे: पुस्तकातलं वाक्य यंत्राला देऊ नका, तुमचं द्या.

म्हणजे क्रम असा. आधी उतारा वाचा. पुस्तक मिटा, किंवा पीडीएफ बंद करा. जे समजलं ते मोडक्यातोडक्या भाषेत लिहा आणि तिथल्या तिथे लेखकाचं नाव, साल, पान टाका. मग मुळाशी ताडून पाहा. त्यानंतर हवं तर एआयला विचारा: "हे वाक्य फार लांबलंय का? यात व्याकरणाची चूक आहे का? दोन वाक्यांत कसं तोडता येईल?" आलेल्या उत्तरातलं काय घ्यायचं ते तुम्ही ठरवा. शेवटी पुन्हा एकदा मूळ उतारा उघडून बघा, कारण भाषा गुळगुळीत करताना यंत्र "काही प्रमाणात", "शक्यता आहे" असे शब्द खुशाल गाळतं आणि संशोधकाचा अंदाज तुमच्या प्रबंधात ठाम निष्कर्ष होऊन बसतो.

उतारा समजायलाच जड असेल तर तो समजावून सांग असं एआयला म्हणायलाही माझी हरकत नाही. आपण वर्गात सरांना विचारतो तसंच ते. फक्त ते स्पष्टीकरण उचलून प्रबंधात चिकटवू नका.

३. मूळ लेखकाचं नाव-साल दिलंय, वाक्य फक्त टूलने फिरवलंय. यात चोरी कुठे आली?

कल्पना कोणाची हे तुम्ही सांगितलं, तेव्हा मूळ लेखकाची चोरी झाली नाही. पण पॅराफ्रेजमध्ये आणखी एक दावा गृहीत असतो: हे मी वाचलं, मला समजलं आणि मी माझ्या शब्दांत मांडलं. तो इथे खरा नाही. एखादं वाक्य असं झालं तर कुणी फाशी देणार नाही. पण "पूर्वसंशोधनाचा आढावा" हे अख्खं प्रकरण असं तयार झालं असेल, तर व्हायवाला (तोंडी परीक्षेला) "यांचा आणि त्यांचा मतभेद नेमका कशावर आहे?" या प्रश्नावर घाम फुटतो. आढाव्यात चाळीस नावं असतात आणि चाळिसांपैकी एकही जण दुसऱ्याशी बोलत नाही. टूलने एकेक परिच्छेद सुटा फिरवलेला असतो, त्याचा हा परिणाम.

असं केलंच असेल, तर निदान जाहीर करा (प्रश्न १३ पाहा).

४. दहा टक्क्यांचा नियम नेमका काय आहे?

यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१८ साली शैक्षणिक सचोटी आणि वाङ्मयचौर्याबद्दल नियम काढले. त्यात चार पायऱ्या आहेत. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून पुन्हा द्यायचं. ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. ६०च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. पदवी मिळाल्यानंतर प्रकरण सिद्ध झालं तरी सुटका नाही, पदवी काही काळ स्थगित ठेवता येते.

मोजणीतून काही गोष्टी वगळतात: श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायदे, प्रमाण चिन्हं आणि समीकरणं. सामान्य माहितीची किंवा योगायोगाने जुळलेली सलग १४ शब्दांपर्यंतची जुळणीही धरत नाहीत.

लोक विसरतात ती गोष्ट पुढे आहे. सारांश, गृहीतकं, निरीक्षणं, निष्कर्ष, शिफारशी हा तुमच्या कामाचा गाभा, आणि तिथे साम्य नकोच असं हे नियम म्हणतात. म्हणजे "दहा टक्के चोरी माफ" असा याचा अर्थ नाही. मी ९ टक्क्यांचा एक रिपोर्ट पाहिला आहे, त्यातले जवळजवळ सगळे नऊ टक्के निष्कर्षाच्या प्रकरणात होते. आणि २२ टक्क्यांचाही पाहिला आहे, ज्यात रंगवलेला जवळपास सगळा मजकूर सरकारी ठरावांतला होता, अवतरणचिन्हांत, व्यवस्थित. नुसत्या आकड्यावरून कथा कळत नाही.

५. टूलने ३२ वरून ६ वर आणलं. आता तर सुटलो?

रिपोर्टमधून सुटलात. नियमातून नाही. वरच्याच नियमांत वाङ्मयचौर्याची व्याख्या आहे, तिचा आशय असा: दुसऱ्याचं काम किंवा कल्पना घेऊन ती स्वतःची म्हणून खपवणं. "किंवा कल्पना" यावर बोट ठेवा. सॉफ्टवेअर फक्त शब्दांची जुळणी शोधतं, त्यामुळे शून्य टक्के साम्य असलेला प्रबंधही शंभर टक्के उचललेला असू शकतो.

शिवाय असं फिरवलेलं लिखाण स्वतःच्या खुणा मागे ठेवतं. गियोम कबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव्ह या संशोधकांनी २०२१ साली छापील शोधनिबंधांत चमत्कारिक इंग्रजी शब्दप्रयोग शोधून काढले आणि त्यांना "टॉर्चर्ड फ्रेझेस", म्हणजे छळलेले शब्दप्रयोग, असं नाव दिलं. "ब्रेस्ट कॅन्सर"चं "बूझम पेरिल" झालं होतं, "बिग डेटा"चं "कोलॉसल इन्फॉर्मेशन", आणि "आर्टिफिशियल इंटेलिजन्स"चं चक्क "काउंटरफिट कॉन्शसनेस". ही जुन्या समानार्थी-शब्दवाल्या टूल्सची करामत. नवी टूल्स इतकी ढोबळ चुकत नाहीत, पण पारिभाषिक शब्दांना हात लावायची त्यांची खोड गेलेली नाही.

६. माझा प्रबंध मराठीत आहे. मराठीचं कुठे एवढं पकडतात?

प्रामाणिक प्रश्न आहे, उत्तरही तसंच देते. मराठीतली कितीतरी पुस्तकं नेटवर नाहीत, असली तरी स्कॅन केलेली, आणि जुनं टायपिंग युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्राला वाचता येईल अशा अक्षरांत, नाही. त्यामुळे जुळणी इंग्रजीइतकी सापडत नाही. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांसाठीच्या संस्थेची "शोधशुद्धी" सेवा २०१९ पासून विद्यापीठांना तपासणीचं सॉफ्टवेअर पुरवते, पण तिच्याकडे जो मजकूर आहे त्याच्याशीच ती ताडणार.

मात्र मराठी प्रबंध वाचणारी माणसंही मोजकीच असतात. त्या विषयावर महाराष्ट्रात दहा-पंधरा जण काम करत असतील, तर परीक्षक त्यांच्यातलाच एक असतो आणि तुम्ही फिरवलेलं पुस्तक कदाचित त्याच्या गुरूचं असतं. पुढे प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढतो आणि तिथे कुणीही, कधीही वाचू शकतो.

मराठी शब्दांचं यंत्र काय करतं ते एकदा पाहाच. कूळकायद्यावरच्या एका मसुद्यात "कुळांना" (म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांना) या शब्दाचं "घराण्यांना" झालेलं मी पाहिलं. १९४८च्या कायद्याने घराण्यांना जमिनी मिळाल्या, असा इतिहास त्या मुलाने नकळत लिहिला होता! बलुतेदाराचा "कारागीर", वतनाची "मालमत्ता", गावकुसाची "गावाची सीमा" हे याच जातीचं. अशा शब्दांची यादी आधीच करा आणि टूलला बजावा, यांना हात लावायचा नाही. तरी लावतंच, म्हणून शेवटी स्वतः शोधा.

७. इंग्रजी लेखाचं एआयकडून मराठी भाषांतर करून घेतलं. भाषाच बदलली, मग साम्य कसलं?

भाषा बदलली, म्हणणं त्याचंच राहिलं. मूळ लेखाचा संदर्भ द्यायचा आणि भाषांतर यंत्राचं आहे हेही सांगायचं. सलग वाक्यं तशीच भाषांतरित करून घेतली असतील, तर ते पॅराफ्रेज होत नाही, ते अवतरण आहे. अवतरणचिन्हं द्या आणि तळटीपेत "भाषांतर एआय साधनाच्या साहाय्याने, मुळाशी ताडून" असं लिहा. ताडलं नसेल तर तसं लिहू नका.

मराठीतून इंग्रजीत नेऊन पुन्हा मराठीत आणायचं, असाही एक उपाय आमच्याकडे चालतो. त्याचं उत्तर प्रश्न १० मध्ये आहे.

८. मॅडम, माझं शिक्षण मराठीत झालं. पेपर इंग्रजीत द्यावा लागतो. एआय नसेल तर मी काय करू?

या प्रश्नावर मी तुमच्या बाजूने आहे. इंग्रजी शाळेतून आलेल्याला भाऊ, वहिनी, मित्र कुणीतरी मसुदा तपासून देतं आणि त्याला कुणी हटकत नाही. तालुक्याच्या गावातल्या पोराला तीच मदत यंत्राने केली तर मात्र लगेच भुवया वर जातात.

विचार मराठीत लिहा. पूर्ण परिच्छेद, संदर्भासकट. मग एआयला इंग्रजी करायला सांगा, किंवा स्वतः जमेल तसं इंग्रजी करून ते दुरुस्त करून घ्या. मराठी मसुदा जपून ठेवा, तोच तुमचा पुरावा आहे (प्रश्न ९). आलेल्या इंग्रजीतला प्रत्येक शब्द तुम्हाला समजतोय ना, ते मोठ्याने वाचून बघा. ज्या शब्दाचा अर्थ सांगता येत नाही तो काढा, साधा शब्द घाला. परीक्षकाला साधं इंग्रजी चालतं.

९. अक्षरन् अक्षर मी लिहिलंय, तरी डिटेक्टर "८० टक्के एआय" म्हणतो. आता?

घाबरू नका. सिमिलॅरिटीचा टक्का आणि एआयचा टक्का या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात मूळ मजकूर शेजारी ठेवून दाखवता येतो. दुसरा निव्वळ अंदाज आहे, आणि यूजीसीच्या २०१८च्या नियमांतल्या पायऱ्या पहिल्याबद्दल आहेत. ते नियम आले तेव्हा चॅटजीपीटी नव्हतंच, ते नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं.

अंदाज किती कच्चा असतो पाहा. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने २०२३च्या जानेवारीत स्वतःचा डिटेक्टर काढला. एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्केच तो ओळखत होता, आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुराला यंत्राचा म्हणत होता. त्याच जुलैत कंपनीने तो बंद केला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी काही डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून अधिक निबंध सरासरीने यंत्राचे ठरले. गंमत म्हणजे तेच निबंध चॅटजीपीटीकडून भारदस्त करून घेतल्यावर ते माणसाचे वाटायला लागले!

समितीपुढे जाताना मसुद्याच्या तारखा, गूगल डॉक्सचा बदलांचा इतिहास, वहीतली टिपणं, गाइडने लाल पेनाने केलेल्या दुरुस्त्या हे सगळं घेऊन जा. सगळं एकाच फाइलमध्ये लिहून आधीचं पुसत जायची सवय आजच मोडा.

१०. "ह्युमनायझर" वापरला तर?

नाही. एआयने लिहिलेलं लपवणं, याखेरीज त्या टूलला काम नाही. दोनदा भाषांतर करून आणणं, अक्षरांच्या जागी तशीच दिसणारी रशियन अक्षरं घालणं, परिच्छेदाचं चित्र करून चिकटवणं, पांढऱ्या रंगात अवतरणचिन्हं दडवणं ही सगळी त्याचीच भावंडं. पॅराफ्रेज वाईट झालं तर शिकताना चुकलात म्हणता येतं. हे जाणूनबुजून केलेलं असतं आणि सापडल्यावर सांगायला काही उरत नाही.

११. माझाच छापून आलेला पेपर प्रबंधात फिरवून घातला तर चालेल ना?

फिरवायची गरजच नाही. "या प्रकरणाचा काही भाग अमुक नियतकालिकात अमुक साली प्रसिद्ध झाला आहे" असं स्पष्ट लिहा आणि तो मजकूर तसाच ठेवा. न सांगता स्वतःचंच पुन्हा वापरणं मान्य नाही, हे यूजीसीने २०२०च्या सूचनेत सांगितलं आहे. म्हणजे एआयकडून फिरवून ते दडवणं हा आणखी वरचा उद्योग. सिमिलॅरिटी रिपोर्टमधून तो पेपर वगळून द्यायची सोय असते, ग्रंथपालाला आधी सांगा.

१२. ओव्या, अभंग, कायद्याची कलमं, व्याख्या हेही पॅराफ्रेज करायचं का? टक्का वाढतो.

कृपा करून करू नका. कलमातला "शकेल" आणि "राहील" यांत कोर्टकज्जे अडकलेले असतात. ओवी फिरवली तर तिचं काय होतं ते मी सांगायला नको. जशीच्या तशी द्या, अवतरण म्हणून. श्रेय दिलेलं अवतरण मोजणीत धरत नाहीत (प्रश्न ४). ओवीखालचं विवेचन मात्र कुणातरी टीकाकाराचं असतं. "ज्ञानेश्वर म्हणतात" असं लिहून खाली टीकाकाराचा अर्थ फिरवून घातलेले प्रबंध मी पुष्कळ पाहिले. तिथे टीकाकाराचं नाव हवं.

सर्वज्ञात गोष्टींना संदर्भ लागत नाही. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी स्थापन झालं, याला तळटीप नको.

१३. एआय वापरल्याचं जाहीर कुठे आणि कसं करायचं?

आधी तुमच्या विद्यापीठाचं किंवा नियतकालिकाचं यावर काही परिपत्रक आहे का ते बघा, ते माझ्या सल्ल्यापेक्षा वरचं. नसेल तर प्रबंधात पद्धतीच्या प्रकरणात किंवा मनोगतात, आणि पेपरमध्ये संदर्भसूचीच्या आधी, दोन-तीन वाक्यं पुरतात:

"प्रकरण २ आणि ४ मधील मी लिहिलेल्या मसुद्याच्या भाषिक दुरुस्तीसाठी (साधनाचं नाव, महिना, साल) वापरले. विश्लेषण, निष्कर्ष आणि संदर्भांची निवड माझी आहे. सर्व बदल मी मूळ स्रोतांशी ताडून पाहिले असून मजकुराची जबाबदारी माझी आहे."

नुसत्या शुद्धलेखन-तपासणीसाठी हे लिहावं लागत नाही, बरेच प्रकाशक तेवढी सूट देतात. एआयला सहलेखक करू नका. प्रकाशन-नीतीवर काम करणाऱ्या कोप या आंतरराष्ट्रीय समितीने २०२३ मध्येच सांगितलं की यंत्र जबाबदारी घेऊ शकत नाही, म्हणून लेखक होऊ शकत नाही.

१४. मुलाखतींची उत्तरं एआयकडून नीट लिहून घेतली तर?

दोन अडचणी. पहिली, ज्या ऊसतोड कामगार बाईने विश्वासाने सांगितलं तिचं नाव, गाव, आजार तुम्ही परक्या सर्व्हरवर पाठवता आहात. संमतिपत्रात ते होतं का? नावं-गावं काढल्याशिवाय एक ओळही टाकू नका. दुसरी, "कोयत्यावर गेलो" याचं "ऊसतोडणीसाठी स्थलांतर केले" झालं की तुमची सामग्रीच गेली. मुलाखतीचं बोलणं पॅराफ्रेज करायचं नसतं, आहे तसं द्यायचं असतं.

दुसऱ्याचा अप्रकाशित प्रबंध किंवा तपासायला आलेला पेपर टूलमध्ये टाकणं हेही याच कारणासाठी चूक. हे गाइड आणि परीक्षकांसाठी लिहिते आहे.

१५. एआयने पॅराफ्रेजसोबत दिलेला संदर्भ सापडत नाही.

कारण तो बहुधा नाहीच. लेखक खरा, नियतकालिक खरं, लेख मात्र काल्पनिक, असं मिश्रण येतं. हातात मूळ लेख नसेल तर तो संदर्भ काढा आणि त्यावर टेकलेलं वाक्यही काढा. फक्त संदर्भ काढून वाक्य ठेवायचा मोह होतो, मला माहीत आहे.

१६. गाइड सरच म्हणतात, "टूलमधून काढ आणि टक्का आण." मी काय करू?

सगळ्यात अवघड प्रश्न, आणि हा कधी मेसेजवर येत नाही. ग्रंथालय रिकामं असताना येतो.

सरांशी वाद घालून तुमचं भागणार नाही. पण प्रबंध वाङ्मयचौर्यमुक्त असल्याचं प्रमाणपत्र गाइडलाही सहीनिशी द्यावं लागतं, त्यामुळे ही काळजी त्यांचीही आहे. सरांपुढे टक्का ठेवण्याऐवजी रंगीत रिपोर्ट ठेवा आणि म्हणा, "सर, हे अठरा परिच्छेद आहेत. यातले सात अवतरण करतो, पाच काढतो, सहा पुन्हा लिहून आणतो. आठ दिवस द्या." काम कमी दिसलं की बहुतेक सर हो म्हणतात.

ते सहा परिच्छेद लिहायला जागा हवी असेल तर वाचनकक्षात बसा. आम्ही सहापर्यंत उघडे असतो.